‘औदुंबर’ : सत्तावीस मात्रा आणि त्यांच्या नंतरचा विराम

बालकवींची ‘औदुंबर’ ही आठ ओळींची कविता वर्गात शिकवताना तीन अडचणी आल्याचे आपण कळवले आहे. मात्रा (लघू म्हणजे ऱ्हस्व अक्षराची एक, गुरू म्हणजे दीर्घ अक्षराच्या दोन) मोजल्या तर काही ओळी २६, काही २७ आणि काही २८ मात्रांच्या भरतात, तेव्हा कवीने वृत्त सैल सोडले आहे का, ही पहिली अडचण. या रचनेला काही घाट आहे की ती एकामागून एक ठेवलेली चार दृश्ये आहेत, ही दुसरी. आणि कवितेचा भाव उदासीचा मानावा की शांततेचा, ही तिसरी, ज्यावर आपल्या विद्यार्थ्यांत दोन तट पडले. वृत्त, रचना आणि भाव यांची उत्तरे तीन वेगळ्या रकान्यांत लिहिण्याची आपल्याकडे सवय आहे, आणि या कवितेचे सर्वाधिक नुकसान त्या सवयीने केले आहे असे माझे मत आहे. येथे भावाचा निकाल बऱ्याच अंशी वृत्तच देते. म्हणून मी मोजणीपासून सुरुवात करतो आणि भावाकडे शेवटी येतो.

प्रथम संहिता समोर ठेवू, कारण पुढचे सगळे तिच्यावर अवलंबून आहे.

ऐल तटावर पैल तटावर हिरवाळी घेउन
निळासावळा झरा वाहतो बेटाबेटांतुन.

चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीकडे
शेतमळ्यांची दाट लागली हिरवी गर्दी पुढे.

पायवाट पांढरी तयांतुनि अडवीतिडवी पडे
हिरव्या कुरणांमधुनि चालली काळ्या डोहाकडे.

झाकळुनी जळ गोड काळिमा पसरी लाटांवर
पाय टाकुनी जळांत बसला असला औदुंबर.

आपल्या हातातली प्रत या पाठाशी ताडून पाहावी. अनेक प्रतींत ‘घेउन’चे ‘घेऊन’, ‘बेटांतुन’चे ‘बेटांतून’, ‘मधुनि’चे ‘मधुनी’ झालेले आढळते. गद्याच्या शुद्धलेखनाने पाहिले तर त्यांतले काही बदल योग्यच वाटतील, पण पद्यात ते मात्रा वाढवतात. बालकवी ‘तयांतुनि’ आणि ‘मधुनि’ यांतला शेवटचा इकार ऱ्हस्व ठेवतात आणि ‘झाकळुनी’, ‘टाकुनी’ यांत तोच दीर्घ करतात. हा विस्कळीतपणा नव्हे. पहिल्या दोन ठिकाणी एकच मात्रा हवी आहे आणि नंतरच्या दोन ठिकाणी दोन, एवढेच त्याचे कारण आहे.

आता मोजणी. प्रत्येक ओळीतली अक्षरे मोजली तर अनुक्रमे १९, १६, १८, १७, १९, १८, १८, १८ अशी भरतात. म्हणजे हे लघुगुरूंच्या ठरावीक क्रमावर चालणारे अक्षरगणवृत्त नाही, यात गण (तीन-तीन अक्षरांचे गट) पाडण्याचा खटाटोप करू नये. अक्षरे कमीजास्त असूनही मात्रा सारख्या राहतात, त्यामुळे हे मात्रावृत्त, म्हणजे जातिरचना आहे. आपल्या मोजणीत जो फरक पडला त्याची कारणे दोनच आहेत. पहिली, दुसरी, सातवी आणि आठवी या ओळी ‘घेउन’, ‘बेटांतुन’, ‘लाटांवर’, ‘औदुंबर’ अशा लघू अक्षरावर संपतात. चरणाच्या शेवटी आलेले लघू अक्षर गरजेप्रमाणे गुरू धरावे, हा छंदःशास्त्राचा जुना नियम आहे, आणि तो कागदावरचा नियम नाही: ओळ म्हणून पाहा, शेवटचा ‘न’ किंवा ‘र’ आपोआप लांबतो. २६च्या चारही ओळी अशा २७ होतात.

दुसरे कारण जोडाक्षरांचे. जोडाक्षराच्या आधीचे अक्षर गुरू, हे सूत्र आपण शाळेत पाठ केलेले असते, पण मराठीत ते आघातावर अवलंबून आहे. ‘गर्दी’ म्हणताना ‘ग’वर आघात येतो, म्हणून त्याच्या दोन मात्रा. ‘मळ्यांची’ म्हणताना ‘म’वर आघात येत नाही, ‘हिरव्या’ म्हणताना ‘र’वर येत नाही, य जोडलेली अशी रूपे मराठी तोंडात हलकीच उच्चारली जातात, म्हणून ती अक्षरे लघूच राहतात. चौथी आणि सहावी ओळ आपल्याकडे २८ भरली ती या दोन शब्दांमुळे. हिशेब दुरुस्त केला की आठही ओळी २७ मात्रांच्या ठरतात, एकही अपवाद राहत नाही. इतका काटेकोर कवी वृत्त सैल सोडतो असे म्हणता येणार नाही.

पण २७ हा आकडा मिळाला म्हणजे वृत्त कळले असे नाही, आणि बहुतेक उत्तरपत्रिका नेमक्या येथेच थांबतात. मात्रा कशा वाटल्या आहेत ते पाहावे लागते. माधव ज्यूलियन यांनी ‘छंदोरचना’ या ग्रंथात मराठी मात्रावृत्तांचा विचार आवर्तनांच्या, म्हणजे पुन्हापुन्हा येणाऱ्या सारख्या मात्रांच्या गटांच्या, आधारे केला आणि आठ मात्रांच्या आवर्तनाला पद्मावर्तन म्हटले. ‘औदुंबर’ची प्रत्येक ओळ ही आठ मात्रांची तीन आवर्तने आणि मागे उरलेल्या तीन मात्रा अशी आहे. ‘चार घरांचे’ आठ, ‘गाव चिमुकले’ आठ, ‘पैल टेकडी’ आठ, आणि ‘कडे’ तीन. ‘शेतमळ्यांची’ आठ, ‘दाट लागली’ आठ, ‘हिरवी गर्दी’ आठ, ‘पुढे’ तीन. तिसरे आवर्तन कुठे संपते ते आठही ओळींत तपासावे. ‘घे’नंतर ‘उन’, ‘बेटां’नंतर ‘तुन’, ‘डोहा’नंतर ‘कडे’, ‘लाटां’नंतर ‘वर’, ‘औदुं’नंतर ‘बर’: प्रत्येक वेळी चौविसाव्या मात्रेवर स्वच्छ तोड आणि मग एक लघू व एक गुरू (किंवा लांबवलेला लघू) असे तीन मात्रांचे शेपूट.

हातावर केरवा (आठ मात्रांचा ताल) धरून ओळ म्हटली की पुढचा मुद्दा कानाला कळतो. चौथे आवर्तन सुरू होते, त्यातल्या तीन मात्रा उच्चारल्या जातात आणि पाच मात्रा रिकाम्या जातात. पुढची ओळ पुन्हा समेवर, म्हणजे आवर्तनाच्या पहिल्या मात्रेवर, घ्यायची तर या पाच मात्रा थांबावेच लागते. म्हणजे ऐकणाऱ्याच्या दृष्टीने प्रत्येक ओळ ३२ मात्रांची आहे, आणि तिच्यातल्या पाच मात्रा मौनाच्या आहेत. कविता घाईने वाचणारा माणूस सर्वांत आधी याच पाच मात्रा गिळतो.

या विरामाचे महत्त्व कळण्यासाठी बालकवींचीच दुसरी ओळ शेजारी ठेवावी. ‘श्रावणमासी हर्ष मानसी हिरवळ दाटे चोहिकडे, क्षणात येते सरसर शिरवे क्षणात फिरुनी ऊन पडे.’ येथेही आठ-आठ मात्रांची तीच तीन आवर्तने आहेत. हिरवळ तीच, मातीही तीच, फार काय, ‘कडे’ आणि ‘पडे’ ही यमकेही तीच आहेत. फरक आहे तो शेवटच्या तुकड्यात: ‘चोहिकडे’ आणि ‘ऊन पडे’ हे सहा मात्रांचे आहेत. चौथ्या आवर्तनात केवळ दोन मात्रा रिकाम्या राहतात, त्यामुळे एक ओळ संपते न संपते तोच दुसरी येऊन धडकते आणि कविता सरींसारखी पुढे धावते. ‘औदुंबर’मध्ये ते सहाचे तीन झाले आणि चालच बदलली. विद्यार्थ्यांकडून एक प्रयोग करून घ्यावा. ‘चार घरांचे गाव चिमुकले पैल टेकडीच्या पुढती’ अशी ओळ म्हणायला लावावी. अर्थ जवळजवळ तोच आहे, मात्रा ३० झाल्या आहेत, आणि गाव लगेच नाचू लागते. दोन्ही ओळी पाठोपाठ म्हटल्यानंतर ‘औदुंबर’ची गती संथ का, हे वेगळे सांगावे लागत नाही.

आता आवर्तनांच्या आत डोकावू. मला या कवितेत सर्वांत अधिक आनंद देणारा भाग हाच आहे.

पहिल्या ओळीतली ‘ऐल तटावर’ आणि ‘पैल तटावर’ ही दोन आवर्तने लघुगुरूंच्या क्रमानेही तंतोतंत सारखी आहेत: गुरू, लघू, लघू आणि पुन्हा गुरू, लघू, लघू. चार-चार मात्रांचे समसमान तुकडे पडतात, दोन काठ दोन बाजूंना स्थिर उभे राहतात. दुसऱ्या ओळीतही पहिली दोन आवर्तने एकमेकांसारखी आहेत, पण त्यांचा क्रम निराळा आहे. ‘निळासावळा’ म्हणजे लघू, गुरू, गुरू, लघू, गुरू, आणि ‘झरा वाहतो’ म्हणजेही लघू, गुरू, गुरू, लघू, गुरू. येथे चौथ्या मात्रेवर तोड पडत नाही. ‘सा’ आणि ‘वा’ ही दीर्घ अक्षरे मधल्या ठोक्यावरून वाहून जातात. काठ ठोक्यावर आणि पाणी ठोक्यावरून, असा हा भेद दोन ओळींत ऐकू येतो. मग ‘बेटाबेटां’ हे चार गुरूंचे आवर्तन येते आणि प्रवाह मंद होतो. सबंध कवितेत तिसरे आवर्तन निव्वळ गुरूंनी भरलेले असे दोनदाच आहे: एकदा येथे आणि एकदा ‘काळ्या डोहा’ येथे. पाणी जेथे अडखळते आणि पाणी जेथे साचते अशी ती दोन स्थळे आहेत.

तिसऱ्या द्विपदीकडे मी आपले विशेष लक्ष वेधतो. बाकीच्या सहा ओळींत पहिले आवर्तन शब्दाच्या शेवटी संपते: ‘ऐल तटावर’, ‘निळासावळा’, ‘चार घरांचे’, ‘शेतमळ्यांची’, ‘झाकळुनी जळ’, ‘पाय टाकुनी’. पायवाटेच्या द्विपदीत मात्र ते दोन्ही ओळींत शब्दाच्या मध्येच तुटते. ‘पायवाट पां’ येथे आठ मात्रा होतात आणि ‘ढरी तयांतुनि’ हा भाग पुढच्या आवर्तनात जातो. पुढच्या ओळीत ‘हिरव्या कुरणां’ येथे आठ होतात आणि ‘मधुनि चालली’ पुढे सरकते. वाट ‘अडवीतिडवी’ आहे हे कवी सांगतोच, पण ते सांगण्यापूर्वी ओळ स्वतः वाकडी गेलेली असते. मात्रावृत्तात आठव्या मात्रेवरची यती, म्हणजे शब्द संपून येणारा थांबा, सर्वत्र पाळलीच पाहिजे असा दंडक नाही, तेव्हा एखाद्या ओळीत ती ओलांडली गेली तर तिला अर्थ चिकटवू नये, हे मी नेहमी बजावतो. पण सहा ओळींत ती निरपवाद पाळली जाते आणि दोनच ओळींत, त्याही एकाच द्विपदीत आणि त्याही वाकड्या वाटेच्या द्विपदीत, ओलांडली जाते, तेव्हा तिची नोंद घेणे भाग आहे. कवीने हे बोटे मोजून केले असे मला म्हणायचे नाही. ज्याचा कान इतका तयार आहे त्याला मोजावे लागत नाही.

शेवटच्या ओळीत याच्या उलट घडते. ‘पाय टाकुनी’ एवढा भाग थोडा हलता आहे. त्यानंतर ‘जळांत’ चार मात्रा, ‘बसला’ चार, ‘असला’ चार, ‘औदुं’ चार आणि ‘बर’. सलग तीन शब्द प्रत्येकी नेमक्या चार मात्रांचे, प्रत्येक आपापल्या घरात बसलेला, असे दुसऱ्या कोणत्याही ओळीत नाही. ‘बसला असला’ हे आतले यमक त्या बैठकीला आणखी पक्के करते. पायवाटेच्या ओळीत आवर्तन आणि शब्द यांची फारकत झाली होती, येथे ती पूर्ण मिटते. औदुंबर बसतो तेव्हा वृत्तही बसते.

रचनेबद्दल आपला प्रश्न आता सोपा होतो. वरवर पाहता चार स्वतंत्र द्विपदी आहेत, प्रत्येकीचे वाक्य तिच्यातच पुरे होते. पण यमके पाहावी. मधल्या चार ओळी ‘टेकडीकडे’, ‘पुढे’, ‘पडे’, ‘डोहाकडे’ अशा एकाच एकारान्त नादावर संपतात, म्हणजे दुसरी आणि तिसरी द्विपदी मिळून चार ओळींचा एक सलग गट आहे. पहिली आणि शेवटची द्विपदी मात्र अकारान्त अक्षरावर, ‘न’ आणि ‘र’ या लांबवाव्या लागणाऱ्या व्यंजनांवर संपते. दोन ओळी, चार ओळी, दोन ओळी असा हा घाट आहे. बाहेरच्या दोन्ही द्विपदींत पाणी आहे. आत गाव, शेत, वाट, कुरण असा जमिनीचा भाग आहे. नजर झऱ्यावरून उठते, पैलच्या टेकडीपर्यंत जाते, तेथून शेतमळ्यांतून आणि कुरणांतून वाटेवरून उतरत पुन्हा पाण्याशी येते. ‘पैल टेकडीकडे’ गेलेली आणि ‘काळ्या डोहाकडे’ आलेली ही नजर मधल्या गटाच्या पहिल्या आणि शेवटच्या ओळीत एकाच ‘कडे’वर थांबते, हे पाहिले की द्विपदींचा क्रम बदलता येणार नाही याची खात्री पटते. ही नुसती दृश्यमालिका असती तर दुसरी आणि तिसरी द्विपदी सहज अदलाबदल करता आल्या असत्या.

या प्रवासात माणूस एकदाही दिसत नाही. घरे आहेत, पण चारच. शेते आहेत, पण गर्दी पिकांची आहे. वाट आहे, पण तिच्यावर कोणी चालत नाही, वाटच चालते. मनुष्यवस्तीच्या खुणा ओळीगणिक विरळ होत जातात आणि शेवटी माणसासारखी एकच कृती उरते, ती झाडाची. पाचवी ओळ ‘पायवाट’ या शब्दाने उघडते आणि आठवी ‘पाय’ या शब्दाने; चालणाऱ्या पायांची वाट डोहाशी आली आणि तेथे पाय पाण्यात सोडून बसलेला कोणी भेटला, असा तो दुवा आहे. क्रियापदे ‘वाहतो’, ‘चालली’ यांवरून ‘बसला’वर येतात. अलंकारांच्या भाषेत बोलायचे तर पहिल्या सहा ओळी बहुतांशी स्वभावोक्तीच्या, म्हणजे जसे आहे तसे सांगणाऱ्या, आहेत आणि शेवटच्या ओळीत चेतनगुणोक्ती, म्हणजे झाडाला माणसासारखे वागायला लावणे, प्रकट होते. पण विद्यार्थ्यांनी केवळ शेवटच्या ओळीपुढे अलंकाराचे नाव लिहून मोकळे होऊ नये, कारण त्या एका ओळीचे बळ आधीच्या सहा ओळींच्या संयमातून आलेले आहे.

शेवटच्या द्विपदीतली वाक्यरचनाही याच संयमाचा भाग आहे. ‘पसरी’ या क्रियापदाचा कर्ता कोण? काळिमा स्वतः लाटांवर पसरतो आहे असे वाचता येते, आणि औदुंबरच जळ झाकळून लाटांवर काळिमा पसरतो आहे असेही वाचता येते. मला दुसरे वाचन अधिक भरीव वाटते, कारण मग ‘झाकळुनी’, ‘पसरी’, ‘टाकुनी’, ‘बसला’ या चारही क्रियांचा कर्ता एकच होतो आणि तो द्विपदीच्या अगदी शेवटच्या शब्दात, सर्व क्रिया होऊन गेल्यावर, आपल्यासमोर येतो. आधी सावली दिसते, मग पाय, मग बैठक, आणि मग कोण ते कळते. काठावर उभे राहून पाण्याकडे पाहणाऱ्याची नजर याच क्रमाने वर जाते. उंबर हे झाड ओढ्यानाल्यांच्या काठी, ओलाव्याच्या आश्रयाने वाढते आणि त्याची मुळे पाण्यापर्यंत उतरलेली असतात, हे ज्याने पाहिले आहे त्याला ‘पाय टाकुनी’ ही कल्पना हवेतली वाटणार नाही.

नादाबद्दल थोडेच सांगतो. आठ ओळींत ‘ळ’ नऊ वेळा येतो आणि त्यांतले तीन एकट्या सातव्या ओळीत आहेत. सर्व ‘ळ’ हिरवाळी, निळा, सावळा, मळे, काळा, जळ अशा रंगाच्या किंवा ओलाव्याच्या शब्दांत आहेत. रंगांचा क्रमही पाहण्यासारखा आहे: हिरवा तीनदा, निळासावळा, पांढरा, मग काळा, मग काळिमा, आणि आठव्या ओळीत रंगच नाही.

आता भाव. उदासी मानणाऱ्यांचा आधार ‘काळ्या डोहाकडे’ आणि ‘काळिमा’ या दोन शब्दांवर असतो, आणि बऱ्याचदा कवीच्या चरित्रावर. त्र्यंबक बापूजी ठोंबरे यांचा जन्म १८९० साली धरणगावचा, १९०७च्या जळगावच्या कविसंमेलनात ‘बालकवी’ ही पदवी मिळाली, आणि १९१८ साली भादली स्थानकाजवळ रेल्वे अपघातात त्यांचा अंत झाला, तेव्हा वयाची अठ्ठावीस वर्षेही पुरी झाली नव्हती. हे वाचून मन हळहळते, आणि ती हळहळ आपण नकळत डोहावर सांडतो. ‘कोठुनि येते मला कळेना उदासीनता ही हृदयाला’ असे ज्याने उघडपणे लिहिले त्याला उदासी लिहायची असती तर ती लपवण्याचे कारण नव्हते. या आठ ओळींत ‘मी’ नाही, हृदय नाही, हरवलेले काही नाही. करुण रसाचा स्थायी भाव शोक आहे आणि शोकाला काही तरी गमावलेले असावे लागते. येथे गमावलेले दाखवता येत नाही.

पण शांततेच्या बाजूचे विद्यार्थीही थोडी घाई करतात. डोह आपल्या गावाकडच्या मनात निर्धास्त जागा कधीच नव्हता. डोहात साती आसरा राहतात, पोरांनी तेथे जाऊ नये, हे ऐकत आपल्या पिढ्या वाढल्या. पांढरी वाट हिरव्यातून निघून काळ्याकडे जाते तेव्हा एक बारीक भीती जागी होतेच, आणि कवी ती पुसून टाकत नाही. तो काळिम्याला ‘गोड’ म्हणतो. हे विशेषण काही जण ‘जळ’ शब्दाकडे ओढतात: गोड जळ झाकळून काळिमा पसरतो, असे. व्याकरणाने ते अगदीच अशक्य नाही, पण वृत्त त्याला परवानगी देत नाही. ‘झाकळुनी जळ’ येथे आठ मात्रा पुऱ्या होतात आणि ‘गोड काळिमा’ हे दुसरे आवर्तन एकत्र उच्चारले जाते. गोडी काळिम्याचीच आहे, हा निकाल मात्रांनी दिलेला आहे. ‘गोड’च्या जागी तेवढ्याच मात्रांचा ‘गूढ’ घालून पाहावा: वृत्त बिघडत नाही, पण कविता लगेच भयाच्या बाजूला कलते आणि शेवटच्या ओळीतला औदुंबर दबा धरून बसल्यासारखा वाटू लागतो. अंधार आणि गोडी यांना कवीने एका आवर्तनात बांधले आहे; भाव सांगताना आपण त्यांतले एक सोडून देता कामा नये.

मात्रा न बदलता शब्द बदलण्याची हीच कसोटी ‘असला’वर लावावी. ‘पाय टाकुनी जळांत बसला मोठा औदुंबर’ ही ओळ वृत्तात तंतोतंत बसते. गेले काय? ‘मोठा’ हे झाडाचे वर्णन आहे. ‘असला’ म्हणताच पाहणारा बोलू लागतो. सात ओळी जो स्वतःला बाजूला ठेवून दाखवत होता तो या चार मात्रांत पहिल्यांदा आणि शेवटचा उमटतो, तोही विशेषण न सापडल्यासारखा: असा, म्हणजे कसा ते आता तुम्हीच पाहा. त्यात नवल आहे, जवळीक आहे, शोक नाही.

कोणी या औदुंबरात ध्यानस्थ साधू पाहतात, आणि हे दत्ताचे झाड असल्याने तो विचार मनात येणे स्वाभाविक आहे. मला मात्र तो पटत नाही. आसन घालून बसणारा पाय मुडपतो. पाण्यात पाय सोडून बसणे ही चालून आलेल्याची, काम नसलेल्याची, लहान मुलाचीही बैठक आहे. कवितेत पार नाही, पादुका नाहीत, दिवा नाही. विरक्तीही नाही, जो जगाकडे पाठ फिरवतो तो हिरव्या रंगाचे नाव तीनदा घेत नाही. म्हणून परीक्षेसाठी रसाचे नाव लिहावेच लागले तर ‘शांत’ लिहावे, पण निर्वेदातून, म्हणजे जगाविषयीच्या विरक्तीतून, आलेला शांत नव्हे, असे एक वाक्य त्याला जोडावे. काळोख जवळ असताना, तो दिसत असताना, निवांत बसता येणे, असा हा भाव आहे.

आता विरामाकडे परत येऊन आपल्या वर्गातल्या दोन तटांबद्दल सांगतो. प्रत्येक ओळीच्या शेवटी येणाऱ्या पाच रिकाम्या मात्रा उदासी वाटणाऱ्यांना सुस्कारा वाटतात आणि शांतता वाटणाऱ्यांना विसावा. दोघांचेही कान खरे आहेत, कारण विराम तोच आहे; फरक आधीच्या ओळीने केला जातो. ‘काळ्या डोहाकडे’नंतर चार गुरूंचे ओझे घेऊन आलेला विराम जड आहे, तेथे थोडे घाबरणे योग्यच. ‘असला औदुंबर’नंतरचा विराम तीन सम शब्दांवर स्थिरावलेला आहे. विद्यार्थ्यांना या दोन ओळी पूर्ण विरामासह, हातावर मात्रा धरून, एकामागून एक म्हणायला लावाव्यात आणि मगच मत विचारावे. माझ्या अनुभवात त्यानंतर वाद संपत नाही, पण तो चरित्रावरून हटतो आणि ओळींवर येतो; कोण सुस्कारा म्हणतो आणि कोण विसावा, हे मग ‘गोड’वर किती भर द्यायचा यावर ठरू लागते.